कुठला गुडघा

फोन आला तेव्हा तो एका उजव्या गुडघ्यात अर्ध्यावर होता. गुडघा कुणाचा हे त्याला माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही नव्हती. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात नाव असतं, ते वाचायचं नाही असं त्याने फार पूर्वी ठरवून टाकलं होतं, कारण नाव वाचलं की माणूस उभा राहतो आणि माणूस उभा राहिला की काम रेंगाळतं. सर्जनने दुर्बीण आत घालून काय पाहिलं, हाडांमधली कुठली गादी कापली, कुठली कूर्चा घासून गुळगुळीत केली, एवढंच वाचायचं, प्रत्येक गोष्टीला तिचा बिलाचा कोड लावायचा, बिलाच्या विभागाकडे ढकलायचं आणि पुढचा गुडघा उघडायचा. ऑफिसात त्याला सगळे 'गुडघे' म्हणत. शेजारच्या टेबलावर पाठीचे कणे बघणारी बाई होती, ती 'मणका'. नवीन आलेल्यांना कुणीतरी हटकून सांगायचं, यांचा मेंदू गुडघ्यात आहे आणि कंपनीला त्याचा फायदाच आहे. या विनोदावर तो इतकी वर्षं हसत आला होता की आता हसू आपोआप यायचं, त्याला काही करावं लागत नसे.

फोनवर दवाखान्यातली बाई होती, घाईतली. "सर, तुमच्या मिसेसचं गुरुवारी दुर्बिणीचं ऑपरेशन आहे ना? विम्याच्या मंजुरीसाठी माहिती भरतेय, त्यात बाजू राहिलीय. फाइल डॉक्टरांकडे आहे आणि मॅडमचा फोन लागत नाहीये. डावा की उजवा?"

"उजवा," तो म्हणाला.

"थँक्यू सर," म्हणून तिने फोन ठेवला, आणि त्याची नजर पडद्यावर गेली. तिथे सर्जनच्या मजकुराच्या मधोमध लिहिलं होतं, उजवा. त्याने समोरचं वाचून दाखवलं होतं. कुणा परक्या माणसाची बाजू त्याने आपल्या बायकोला लावून टाकली होती. मग तो मनात म्हणाला, बरं, उजवाच असेल. मग म्हणाला, उजवा आहे का? आणि त्यापुढे काही आलंच नाही. जिना उतरताना एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं. सव्वीस वर्षांच्या संसारातल्या बायकोचा कुठला गुडघा दुखतो हे त्याला माहीत नव्हतं.

तसं तिच्या गुडघ्याबद्दल त्याला पुष्कळ माहीत होतं. रिपोर्ट त्याने स्वतः वाचला होता, दवाखान्याच्या आवारात गाडीत बसून, ती औषधं आणायला गेली होती तेव्हा. आतल्या कप्प्यातली गादी, मागच्या टोकाला आडवी फाटलेली. वाटीमागची कूर्चा थोडी झिजलेली. गुडघ्यात पाणी. हे त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. इतकंच काय, वाचता वाचता त्याने मनातल्या मनात कोडही लावून टाकला होता, आणि गादी कापली तर त्याच कप्प्यातलं घासकाम बिलात वेगळं धरता येणार नाही, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. फक्त बाजू राहिली. बाजू रिपोर्टच्या अगदी वर असते, नावाच्या शेजारी, आणि त्या कोपऱ्याकडे बघायची त्याच्या डोळ्यांना सवयच उरली नव्हती. कामात बाजू तो सगळ्यात शेवटी लावायचा, पत्र लिहून झाल्यावर पाकिटावर पत्ता घालावा तशी. रिपोर्ट आता दवाखान्यात होता. तिला फोन करावा हे त्याच्या मनात आलं, नाही असं नाही. ती बालवाडीत शिकवायची आणि वर्गात असताना फोन कपाटात ठेवायची, पण मधल्या सुट्टीत बघायची. फोन करायचा आणि विचारायचं, अगं, तुझा कुठला गुडघा? एवढंच. पण हे एवढंच वाक्य त्याला कुठल्याही अंगाने म्हणता येईना. म्हटलं की संपलं. गेलं वर्षभर ती उठताना हात टेकते, बसताना दात आवळते, आणि हा बाप्या सकाळसंध्याकाळ त्याच घरात वावरतो आणि विचारतो कुठला. ती रागावली असती तर चाललं असतं. पण ती नुसतं "डावा" किंवा "उजवा" म्हणाली असती आणि विषय संपवला असता, आणि तेच त्याला नको होतं.

म्हणून तो आठवायला बसला. कामात आठवणीला जागा नसते. नोंदीत लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरायचं, सर्जन किती का शपथेवर सांगेना. पण इथे नोंद नव्हती, होती ती आठवण, आणि आठवण बघायला गेलं तर भरपूर होती. मुलगी लहान असताना बायको तिला कडेवर घेऊन बागेच्या पायऱ्या उतरत होती आणि घसरली. मुलीला सोडलं नाही, सगळा भार गुडघ्यावर घेतला. त्या संध्याकाळी त्याने स्वतः जखम पुसली होती. औषधाचा झणझणीत वास, मुलीच्या पायातली एकच चप्पल, दुसरी बागेतच राहिलेली, बायकोच्या पोटरीवर वाळलेला चिखल, हे सगळं त्याला आत्ता इतकं स्वच्छ दिसत होतं की बोटांना कापसाचा ओलसरपणा लागला. ती खुर्चीत बसली होती, तो समोर उकिडवा. जखमेचा गुडघा त्याच्या उजव्या हाताला होता. म्हणजे तिचा डावा. की तो बाजूला सरकून बसला होता? खिडकीतून उजेड यावा म्हणून तो सरकला होता असं त्याला वाटलं, आणि वाटताक्षणी चित्रातला तो खरोखरच सरकला आणि गुडघा दुसऱ्या हाताला गेला. समोरच्या माणसाची बाजू आठवणीत अशी दगा देते. ऑपरेशनच्या नोंदीत डावा म्हणजे रुग्णाचा डावा, तिथे शंकेला जागा नाही. कारण तिथे समोर कुणी बसलेलं नसतं.

त्याच्याही आधीची एक आठवण होती, लग्न ठरण्याआधीची. तो तिला भेटायला बालवाडीत गेला होता आणि दारातच थांबला होता. ती एक गुडघा जमिनीला टेकून एका मुलीच्या बुटाची नाडी बांधत होती. मुलांशी बोलायचं तर त्यांच्या उंचीला उतरावं लागतं, हे तिने त्याला नंतर सांगितलं, आणि ती दिवसभर अशी उतरत आणि चढत असायची, तेव्हा कसलाही आवाज न करता. दारातून त्याला तिची पाठ, वेणी आणि मागे आलेल्या पायाचा तळवा दिसला होता. तळव्याला खडूची पूड लागली होती. त्या तळव्यावर तो त्या दिवशी भाळला, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं ते नव्हतं. आत्ता त्याला त्या तळव्याचा अंगठा कुठल्या बाजूला होता ते आठवायचं होतं. अंगठ्यावरून पाय कळला असता. पण आठवणीत खडू होता, वेणीची रिबिन होती, आणि तळव्याला अंगठाच नव्हता. मागाहून मात्र त्याच्या लक्षात आलं की त्या दिवशी तो दारात बराच वेळ उभा होता आणि काहीही करत नव्हता. नाडी बांधून होईपर्यंत नुसता पाहत होता. असं आपण मग कधी पाहिलं, याचा तो विचार करू लागला आणि त्याला बरं वाटेनासं झालं.

"काय हो गुडघे, आज गाडी रुळावर नाही?" मणका म्हणाली. डबा उघडून ती त्याच्याकडेच बघत होती.

"तुझ्या नवऱ्याला काय दुखतं?" त्याने विचारलं.

"सगळंच. मान, कंबर, डोकं, साहेबाचं बोलणं. विचारूच नका."

"कंबर कुठल्या बाजूची?"

"ते तो सांगतो की रोज. मी ऐकते कुठे? 'हं' म्हणते आणि मलम देते." ती हसली, मग थांबली. "का हो?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि मलम या शब्दाने त्याला पट्टा आठवला. बायको शाळेत जाताना गुडघ्याला लवचीक पट्टा चढवायची आणि घरी आल्यावर काढून टाकायची. तो पट्टा रोज रात्री तो धुवायचा. तिने सांगितलं नव्हतं, त्यानेच आपणहून सुरू केलं होतं, कारण पिळताना तिला वाकावं लागे. धुऊन, पिळून, दोरीवर दोन चिमटे लावून. शिवण कुठे उसवली आहे, आतल्या पट्टीची पकड कुठे सैल झाली आहे, हे सगळं त्याच्या हातांना ठाऊक होतं. पण त्या पट्ट्याला डावं-उजवं नव्हतं. कुठल्याही पायात जाईल असा तो होता. औषधं संपायच्या आत तो आणून ठेवायचा, पिशव्या तो उचलायचा, न्हाणीघरात धरायला दांडी त्यानेच बसवून घेतली, मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून. बायकोच्या मैत्रिणी म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई. आणि त्याला वाटायचं, हे सगळं करतो म्हणजे पाहतोच की.

त्याच्या धंद्यात तसाच नियम आहे. दुर्बीण आत घातली, तिन्ही कप्प्यांत फिरवून नुसतं पाहिलं आणि बाहेर काढली, तर त्या पाहण्याला स्वतःचा कोड मिळतो. पण पाहता पाहता काही कापलं, घासलं, काढलं, तर पाहणं त्या कामात जमा. त्याचा कोड वेगळा लावायचा नाही. न पाहता कुणी कापतं का, असं नियम म्हणतो, आणि ते खरंच आहे. नवीन पोरांना हे शिकवताना तो नेहमी म्हणायचा, केलं असेल तर पाहिलं असणारच, ते गृहीत धरा. आज पहिल्यांदाच त्याला या नियमात काहीतरी खोट दिसली, आणि ती नियमात नसून आपल्यात आहे हेही त्याच वेळी दिसलं. त्याने न पाहताच केलं होतं सगळं. आणि करणं इतकं नीटनेटकं होतं की कुणाला शंका आली नाही, त्याला स्वतःलाही नाही.

दुपारी त्याने मुलीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करायची आणि आईशी रोज बोलायची. तो सहज बोलतो असं दाखवत म्हणाला, "आईचं ऑपरेशन आलंय जवळ. तुला काय वाटतं, उजवा गुडघाच जास्त त्रास देतोय ना तिला?"

"बाबा, तुला माहीत नाहीये. हो ना?"

"म्हणजे काय? माहीत नसायला काय झालं?"

"मग सांग कुठला."

मुलीचा श्वास ऐकू येत होता. तिच्या ऑफिसात कुणीतरी प्रिंटर चालू केला होता.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तू घरी जा आणि बघ. तिला दिवसातून शंभरदा उठबस करावी लागते, बाबा. कुणालाही कळतं."

फोन ठेवल्यावर तो ओशाळला, आणि ओशाळल्याबद्दल चिडला. पण चिडण्यातही त्याला एक गोष्ट बोचत राहिली. कामात नोंद अपुरी असली की सर्जनला लेखी शंका पाठवतात, क्वेरी म्हणतात तिला, आणि क्वेरीचा पहिला धडा असा की प्रश्नात उत्तर ठेवायचं नाही. 'उजवाच ना?' असं विचारायचं नाही. घाईतला माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो आणि चूक कायमची पक्की होते. 'कुठली बाजू ते कृपया कळवावे' असं विचारायचं, आणि पेन खाली ठेवायचं. हा धडा त्याने इतक्यांना दिला होता की ऑफिसात कुणी "चहा घेणार ना?" म्हटलं तरी लोक त्याच्याकडे बघून "चहा घेणार की काय घेणार ते कळवावे" अशी दुरुस्ती करायचे. आणि आज स्वतःच्या मुलीला त्याने 'उजवाच ना' म्हणून विचारलं होतं. अडाण्यासारखं.

घरी पोचला तेव्हा बायको आली होती. पंखा चालू होता, पट्टा नेहमीच्या जागी खुर्चीच्या पाठीवर टाकलेला, आणि ती ओट्यापाशी उभी. त्याने बूट काढले आणि दारातच थांबला. ती कपाट उघडायला वळली. भार कुठल्या पायावर गेला? दोन्हींवर गेल्यासारखा वाटला. वाकली तेव्हा दोन्ही हात ओट्याला. ती अशी काही सावरून, जपून, सगळं अंग थोडं थोडं वाटून घेत चालत होती, की दुखणं कुठे आहे ते दिसूच नये. हे चालणं तिने कधी कमावलं? त्याला वाटलं, हे आपल्यासाठी तर नाही?

"काय बघताय?" तिने विचारलं.

"काही नाही. आज उजवा बरा आहे का?" तोंडातून गेलंच. पुन्हा तेच.

"आज बरं आहे," ती म्हणाली, आणि गॅस बारीक केला.

ते उत्तर त्याने उलटसुलट करून पाहिलं. उजवा बरा आहे, कारण उजव्याला काही झालेलंच नाही, असाही त्याचा अर्थ होत होता. चहा झाला. ती कप घेऊन आली, त्याने लगबगीने जाऊन तिच्या हातातून घेतले, टेबल पुढे ओढलं, तिची खुर्ची सरकवली, पायाखाली ठेवायचं स्टूल आणलं, आणि हे सगळं करताना ती खाली बसली. तिचं बसणं त्याच्या पाठीमागे होऊन गेलं. वळून पाहिलं तर दोन्ही पाय स्टुलावर, एकावर एक, गुडघे गाऊनखाली झाकलेले. त्याला स्वतःची इतकी चीड आली की चहा कडू लागला.

"दवाखान्यातून फोन आला होता मला," ती म्हणाली. "शाळा सुटल्यावर."

"हो?"

"फोनवर सांगितलेली बाजू पेशंटकडून पक्की करावी लागते म्हणे. ती बाई म्हणाली, तुमच्या मिस्टरांनी उजवा सांगितलाय, उजवाच ना?"

रस्त्यावरून एक गाडी मागे घेताना वाजते तशी वाजत गेली. तिचा आवाज थांबेपर्यंत त्याने वाट पाहिली. "मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने कपावरची साय बोटाने बाजूला केली आणि बशीच्या काठाला पुसली. चेहऱ्यावर ना रुसवा, ना टोमणा. शाळेत एखाद्या मुलीने चंद्र निळा रंगवला तर ती जशी 'हो का' म्हणत असेल, तशीच ती दिसत होती.

"पण 'हो' कशाला म्हणालीस?"

"तुम्ही सांगितलंत ना. आता त्या बाईसमोर काय म्हणणार मी? आमच्या ह्यांना माहीत नाही म्हणून?" ती थोडीशी हसली. "गुडघ्यांचे एवढे मोठे जाणकार तुम्ही."

मग त्याला भीती वाटली. तशी ऑपरेशनच्या दिवशी पुन्हा विचारतात, पेनाने खूण करतात, सर्जन स्वतः बघतो, हे सगळं त्याला ठाऊक होतं आणि तिलाही असणार. चुकीचा गुडघा कुणी उघडणार नव्हतं. भीती त्याची नव्हती. चुकीच्या कागदावर 'हो' म्हणण्याइतकी ही बाई एकटी आहे, आणि ती माझ्याच घरात एकटी आहे, याची होती. तिने त्याला सांभाळून घेतलं होतं. पट्टा धुतो, पिशव्या उचलतो, म्हणून नसेल. सवयीने. चालताना दुखणं वाटून घेते तसं हेही तिने अंगावर घेतलं होतं. आणि आजच्या आधी किती वेळा? कुठले कुठले प्रश्न त्याने असे उत्तर आत घालून विचारले होते, बरी आहेस ना, झोप लागली ना, राग नाही ना, आणि ती हो म्हणून मोकळी झाली होती?

त्याने कप खाली ठेवला. नोकरीत हजारदा लिहिलेलं वाक्य होतं, पण तोंडाने म्हणायला जड जात होतं.

"तुझा कुठला गुडघा दुखतो?" त्याने विचारलं, आणि पुढे काही जोडलं नाही.

ती सांगणार नाही, असं त्याला वाटलं, मुलीने सांगितलं नाही तसंच. मग तिने एक एक करून पाय स्टुलावरून खाली घेतले, दोन्ही हातांनी गाऊन मांडीपर्यंत वर केला, आणि खुर्चीत मागे टेकून बसली. जखम दाखवणाऱ्या मुलासारखी नाही, तर घरातल्या बाईला रोजचं काम करताना जसा संकोच नसतो तशी.

उजवा गुडघा कुणाच्याही गुडघ्यासारखा होता, वाटीच्या दोन्ही बाजूंना खळगे असलेला. डाव्याला खळगे नव्हते. तो गोल, तुकतुकीत, भरलेला होता, वरची मांडी मात्र उजव्या मांडीपेक्षा चांगलीच वाळलेली, आणि पट्ट्याच्या कडेचा लाल वळ अजून गेला नव्हता. खालच्या अंगाला एक जुना पांढुरका व्रण होता, बागेतल्या पायरीचा. सांगायला दुर्बीण नको होती, रिपोर्ट नको होता. दारातून चालत जाणाऱ्या माणसालाही दिसला असता.

"डावा," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. तो उठला आणि खिसे चाचपू लागला. "थांब, मी त्या बाईला फोन करतो. दवाखाना बंद झाला नसेल अजून. आत्ताच्या आत्ता बदलून घेतो आणि बर्फही—"

"अहो," ती म्हणाली. "फोन नंतर करा. आधी नीट बघा तरी."

फोन हातात घेऊन तो उभा राहिला. मग त्याने तो टेबलावर पालथा ठेवला, स्टूल ओढून तिच्यासमोर बसला, आणि काहीही न करता पाहू लागला.